मुलींचें गणित आणि विद्वानांचीं अनुमानें

स्त्रियांची बुद्धि गणितांत चालत नाहीं, हें मत बहुतेक सर्व देशांत इतकें जुनें आहे कीं, त्यास पुरावा मागण्याची गरजच पुष्कळांस वाटत नाहीं. ज्या केंब्रिजच्या परीक्षेनें १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांस सीनियर रँग्लर करून त्यांचें नांव महाराष्ट्रांत घरोघरीं पोंचविलें, त्याच परीक्षेंत १८९० सालीं फिलिपा फॉसेट ही विद्यार्थिनी सीनियर रँग्लरच्याही वर आली होती. परंतु ती स्त्री असल्यामुळें तो किताब तिला मिळाला नाहीं. आणि त्या विद्यापीठानें स्त्रियांस पदव्या देण्यास आरंभ केला तो १९४८ सालीं. तथापि एका असामान्य स्त्रीच्या उदाहरणानें सामान्य मुलींविषयींचा वाद मिटत नाहीं. त्यासाठीं पुष्कळ देशांतील पुष्कळ मुलामुलींची एकाच मापानें परीक्षा घेतली पाहिजे.

अशा परीक्षा आतां होतात. इयत्तांनुसार घेतली जाणारी 'टिम्स' आणि पंधरा वर्षांच्या मुलामुलींची 'पिसा', या त्यांतील दोन प्रमुख होत. दोन्ही परीक्षा २००३ सालीं झाल्या, आणि त्यांच्या सामग्रीवर पुढें जे प्रबंध झाले त्यांपैकीं तीन एकत्र ठेवून वाचण्याजोगे आहेत.

पहिला, ग्विझो, मॉन्टे, सापिएन्झा व झिंगालेस यांचा, 'सायन्स' या नियतकालिकांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. 'पिसा'च्या चाळीस देशांत मुली गणितांत सरासरीनें १०.५ गुणांनीं मागें होत्या. पण तुर्कस्तानांत हें अंतर २२.६ गुणांचें, तर आइसलंडांत मुलीच १४.५ गुणांनीं पुढें! तुर्कस्तानांत स्वीडनइतकी स्त्रीपुरुषसमता असती तर तेथील अंतर नाहींसें झालें असतें, असा या लेखकांचा हिशेब आहे. प्रबंधाचा पूर्वार्ध बिनतोड आहे. जें निसर्गानें ठरविलें तें देशाच्या सीमेबरोबर दिशा कसें बदलील? उत्तरार्धाविषयीं मात्र शंका घेण्यास जागा आहे.

ती शंका फ्रायर व लेव्हिट यांनीं २०१० सालीं उपस्थित केली. 'टिम्स'मधील मुसलमानी देश हिशेबांत घेतांच समतेचा व गणितांतील अंतराचा संबंध उरत नाहीं, असें त्यांस आढळलें. जेथें स्त्रीस सार्वजनिक अधिकार थोडे, अशा देशांतही मुली मुलग्यांच्या फारशा मागें नव्हत्या. बहारीन व जॉर्डन येथें तर २००३ सालीं आठवींतील मुली पुढेंच होत्या. यावरून कोणी असें समजूं नये कीं, जुन्या मताचा जय झाला. उलट, तें मत येथें दुसऱ्यांदा हरलें. मात्र 'समता' ही एकच किल्ली सर्व कुलुपांस लागेल, ही सुधारकांची सोयीची समजूतही त्याबरोबर गेली. सत्यास दोन्ही पक्षांची गैरसोय करण्याचा अधिकार आहे.

तिसरा प्रबंध एल्स-क्वेस्ट, हाइड व लिन या तीन विदुषींचा, तोही २०१० सालचा. त्यांनीं दोन्ही परीक्षा मिळून ६९ देशांतील ४,९३,४९५ विद्यार्थ्यांचा विचार केला. गुणांतील सरासरी फरक त्यांस अत्यल्प आढळला. परंतु गणिताविषयींची ओढ व आत्मविश्वास हीं मात्र सरासरीनें मुलग्यांत अधिक दिसलीं, आणि हा फरकही देशोदेशीं बदलत होता. समतेचें एकच ढोबळ माप न वापरतां त्यांनीं तिचीं अंगें निरनिराळीं तपासलीं. त्यांत मुलींचें शाळेंतील प्रमाण, संशोधनाच्या कामांतील स्त्रियांचा वाटा व विधिमंडळांतील त्यांच्या जागा यांचा संबंध अधिक ठळक निघाला. ही पद्धति आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. दहावींतील मुलीस राष्ट्राचा समतेचा निर्देशांक ठाऊक नसतो. प्रयोगशाळेंत काम करणारी शेजारीण तिला दिसते. तथापि देशांच्या सरासऱ्यांची तुलना वर्गांत प्रत्यक्ष काय घडतें हें सांगत नाहीं, ही या तिन्ही प्रबंधांची समान मर्यादा होय.

आमच्या मतें या वाचनांतून एक गोष्ट निश्चित हातीं लागते : गुण आणि विश्वास या दोन भिन्न वस्तु आहेत. एक समान झाली म्हणून दुसरी आपोआप समान होत नाहीं. २०२२ च्या 'पिसा'मध्यें ओईसीडी देशांत मुलगे गणितांत सरासरीनें नऊ गुणांनीं पुढें होते, तर वाचनांत मुली चोवीस गुणांनीं. असें असूनही वाचन हें मुलग्यांच्या प्रकृतीस मानवत नाहीं, असा सिद्धांत मांडून त्यांचीं पुस्तकें कोणी काढून घेत नाहीं. त्यांस अधिक वाचावयास लावतात.

मुलगी मात्र "मला गणित जमत नाहीं" असें म्हणाली कीं, तें वाक्य निकालासारखें मानलें जातें. मुलाच्या बाबतींत गुणपत्रिका पाहावयाची व मुलीच्या बाबतींत तिची आवड विचारावयाची, ही रीत वरकरणीं उदार दिसते. पण ती आवड घडविण्यांत घरांतील प्रत्येक उद्गाराचा हात असतो. गणित एकदां सोडलें म्हणजे त्यामागचे अनेक अभ्यासक्रम कायमचे बंद होतात. म्हणून तो निर्णय घेण्यापूर्वीं पालकांनीं मुलीच्या शब्दाबरोबर तिची उत्तरपत्रिकाही मागवून पाहावी. ती चांगली असेल तर उणीव मुलीच्या बुद्धींत नसून विश्वासांत आहे, आणि विश्वास देणें हें वडीलधाऱ्यांचें काम आहे.