विनावेतन हातांचा हिशेब

शेतीवरील पुस्तकाचा परामर्श एका वकिलाने घ्यावा, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु मासानोबू फुकुओका ह्यांच्या ‘द वन-स्ट्रॉ रेव्होल्यूशन’ ह्या पुस्तकात (मूळ जपानी १९७५, इंग्रजी भाषांतर १९७८) एक प्रश्न असा आहे की तो आमच्याच व्यवसायाचा ठरतो. शेत कोणाचे, हात कोणाचे आणि त्या हातांचे देणे काय, हा तो प्रश्न.

फुकुओका (१९१३–२००८) हे वनस्पतिरोगांचे अभ्यासक. योकोहामाच्या जकातखात्यातील नोकरी सोडून ते शिकोकू बेटावरील आपल्या गावी परतले. नांगरणी नाही, रासायनिक खत किंवा मुद्दाम तयार केलेले कंपोस्ट नाही, तण उपटण्याची वा जाळण्याची खटपट नाही आणि औषधांचा आधार नाही, ही त्यांची चतुःसूत्री. उभ्या भातातच क्लोव्हर व जव पेरावे, आणि कापणीनंतर काड पुन्हा शेतातच पसरावे. हे सारे ते अशा साध्या, मिस्किल शैलीत सांगतात की वाचक सहज त्यांच्या बांधावर जाऊन उभा राहतो. मात्र काड आणि बियाणे सोडून ते विज्ञानमात्राचा निषेध करू लागतात, तेव्हा लेखन पातळ होते. ज्या डोळ्यांनी त्यांनी शेत पाहिले, ते विज्ञानानेच घडविलेले होते, ह्याचा त्यांना विसर पडतो.

पुस्तकाचा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटलेला भाग फुकुओकांचा नव्हेच. तो भाषांतरकारांपैकी लॅरी कॉर्न ह्यांच्या प्रस्तावनेतील आहे. ते स्वतः त्या शेतावर राहिले होते. डोंगरउतारावरील बागेत तरुण मंडळी मातीच्या झोपड्यांत राहत, झऱ्याचे पाणी वाहून आणीत, चुलीवर शिजवीत आणि दिवसभर राबत. तेल, सोया सॉस अशा किरकोळ खर्चापुरती थोडी रक्कम मिळे. बाकी पोट शेतावरच भरावयाचे. अशा राहणीवाचून ह्या शेतीला लागणारी संवेदना येत नाही, अशी गुरूंची श्रद्धा होती.

येथे समीक्षकाने थांबले पाहिजे. पाव एकरातील धान्याचे काम एकदोन माणसे थोड्या दिवसांत उरकतात, असे लेखक सांगतो. ते मान्य करू. पण बाग, भाजीपाला, लाकूड आणि पाणी ह्यांसाठी जे हात लागले, ते ‘काहीही न करण्याच्या’ शेतीच्या जमाखर्चात कोठे मांडले आहेत? लेखकाने हा प्रश्न स्वतःला विचारलेलाच नाही.

गोमंतकीय वाचकास हा प्रश्न नवा नाही. भाटकाराच्या जमिनीवर घर, आणि त्या बदल्यात भाटातली कामे, ही मुंडकारांची कहाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्यालाही मुंडकाराची व्याख्या करताना ‘सेवेच्या बंधनासह वा बंधनाविना’ अशा अर्थाचे शब्द घालावे लागले. दुसऱ्या बाजूस माधुकरीची आणि वार लावून जेवण्याची परंपराही आपलीच. तेथे अन्न देणाऱ्याने विद्यार्थ्याच्या कष्टांवर आपली भाटे पिकविली नाहीत.

हाच पेच पुढे इंग्लंडात दिसला. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरी म्हणून काम करणाऱ्या स्यू कॉपर्ड ह्यांनी शहरी माणसांसाठी ससेक्समधील एका सेंद्रिय शेतावर शनिवार-रविवारचे श्रम ठरविले. बदल्यात जेवण आणि निवारा. त्यातून जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. तिच्या नावात पुढे ‘वर्कर्स’ हा शब्द आला. पण पाहुणे मजुरीसाठी येतात असा परदेशी अधिकाऱ्यांचा समज होऊ लागला, म्हणून तो काढून ‘ऑपॉर्च्युनिटीज’ घालण्यात आला. शब्द बदलला, कुदळ तीच राहिली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितले की पोटाची निकडही सक्तीच होय, आणि तिच्यापोटी किमान वेतनाहून कमी मोबदल्यात केलेले काम घटनेच्या तेविसाव्या कलमाखाली वेठ ठरते. फुकुओकांकडे आलेला तरुण मनात येईल तेव्हा निघून जाऊ शके. मुंडकाराला जावयास घर नव्हते. म्हणून ह्या दोघांना एका मापाने मोजणे अन्याय होईल. तथापि कसोटी एवढी राहतेच: येणाऱ्यास विद्या मिळते काय, आणि त्याच्यामुळे गावच्या मजुराची रोजी बुडते काय? पहिल्या प्रश्नास पुस्तक भरघोस उत्तर देते. दुसऱ्यास देत नाही.

तरीही पुस्तक वाचावे, आणि प्रस्तावनेसह वाचावे. देवळात आपण सेवा करतो ती देवाची. तिचा हिशेब आपण मागत नाही. शेताचा मालक मात्र माणूस असतो. आपल्या घरचा मुलगा उद्या अशा एखाद्या शेतावर निघाला तर त्याला अडवू नये. काम किती तास, सुटी कोणत्या दिवशी आणि कोयता हातावर बसला तर औषधाचा खर्च कोणाचा, एवढे आधी लिहून घेण्यास मात्र अवश्य सांगावे. ज्या गुरूस ह्याचा राग येईल, त्याच्याकडे शिष्याने न गेलेलेच बरे.