कोलेस्टेरॉलचा आकडा आणि हृदयविकाराचा अंदाज : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक परीक्षण

रक्तातील एकूण कोलेस्टेरॉल दर शंभर मिलिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत असले की हृदय सुरक्षित, ही समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. हा मापदंड निराधार नव्हे. परंतु भंडाऱ्यासारख्या भातपिकाच्या जिल्ह्यात तो एकटाच वापरल्यास फसवा ठरण्याचा संभव आहे.

या मापदंडास प्रतिष्ठा लाभली ती मुख्यतः अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासामुळे. तेथील ५,२०९ स्त्रीपुरुष बहुतांशी युरोपीय वंशाचे होते. भारतीयांच्या रक्तातील मेदाचे स्वरूप निराळे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकूण कोलेस्टेरॉल केवळ १३.९ टक्के लोकांत अधिक आढळले. ट्रायग्लिसराइड मात्र २९.५ टक्क्यांत अधिक, आणि हितकर मानले जाणारे उच्च घनतेचे कोलेस्टेरॉल ७२.३ टक्क्यांत कमी होते. पिष्टमय आहाराच्या आधिक्याने नेमका हाच दुहेरी दोष वाढीस लागतो.

साकोलीकडील एखाद्या शेतकऱ्याचे एकूण कोलेस्टेरॉल १८०, उच्च घनतेचे ३० व ट्रायग्लिसराइड ३०० आहेत, असे कल्पावे. १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्रानुसार एकूणातून हे ३० व ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा, म्हणजे ६०, वजा केले की अल्प घनतेचे कोलेस्टेरॉल ९० येते. अहवाल निर्दोष दिसतो. परंतु एकूणातून केवळ ३० वजा केल्यास १५० उरतात. १३० ही सर्वसाधारण इष्ट मर्यादा त्यांनी ओलांडलेली असते. धमनीच्या भित्तीत शिरणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉल या दुसऱ्या आकड्यात येते. त्यास उपाशीपोटी रक्त देण्याची अट नाही, की वेगळा खर्च नाही.

पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल रोगाची बाबही विचारणीय आहे. या रुग्णांत एकूण कोलेस्टेरॉल बहुधा कमीच असते. पण ते रोगाचे लक्षण होय, हृदयाच्या आरोग्याचे प्रमाण नव्हे.

तथापि, सुधारलेला आकडाही अंतिम निर्णय देऊ शकत नाही. वय, रक्तदाब, तंबाखू व मधुमेह यांच्या संगतीतच त्यास अर्थ प्राप्त होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या तक्त्यांपैकी एका प्रकारात तर रक्ततपासणीविनाच, वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब व उंचीच्या मानाने वजन यांवरून धोका अजमावला जातो. प्रयोगशाळेपासून दूरच्या खेड्यात रक्तदाब न मोजता कोलेस्टेरॉलच्या अहवालाची वाट पाहणे म्हणूनच असमर्थनीय होय.