दांडपट्टा अजून स्लो मोशनमध्येच

पुण्यातल्या येरवड्यात रिक्षावाल्याला ‘गुंजन’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. चौकाला नावच थिएटरचं. ऑगस्ट २०२४ पासून इथून मेट्रोही मिळते. त्यामुळे ‘पिफ’ या पुण्याच्या चित्रपट महोत्सवातला सिनेमा असो की लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म संग्रहालयातला खेळ, येरवडेकराला नदी ओलांडणं सोपं झालंय. मात्र जगभर सर्वांत बिनबोभाट फिरतात ते महोत्सवी चित्रपट नव्हेत, तर भय, प्रेम आणि मारामारीचे. भाषा कळो न कळो, ते अंगावर येतात. या तिन्हींत मराठी मातीतून काय निघालं, हे पाहायला हवं.

भयाचं खातं भक्कम आहे, आणि त्याची एक वाट पुण्यातून जाते. नारायण धारप पुण्याचेच. त्यांची ‘आजी’ ही कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वर बेतलेली. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये साखळदंडांनी बांधलेली म्हातारी दिसते, तेव्हा धारपांचे वाचक ती लगेच ओळखतात. म्हणजे अमेरिकेतली आजी पुण्यात मराठी झाली, कोकणच्या पावसात हिंदी बोलू लागली आणि २०१८ मध्ये व्हेनिसला ‘क्रिटिक्स वीक’चा पडदा उघडायला गेली! पण सिनेमा लक्षात राहतो तो कणकेच्या बाहुलीमुळे. कमरेला बाहुली बांधून विनायक दोरावरून खाली उतरतो आणि रोजची कणीक हे भुताचं आमिष होतं. २०२४ च्या पुनर्प्रदर्शनात या चित्रपटानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. विशाल फुरियांच्या ‘लपाछपी’नं तर भुतासाठी वाडाही शोधला नाही; उसाचा फड पुरला. त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ २०२१ मध्ये आला. कथा तीच, पण मूळ चित्रपटातली घुसमट तिथे पातळ झाली.

प्रेमकथेबद्दल फार सांगायला नको. ‘सैराट’ २०१६ मध्ये बर्लिनला दाखवला गेला, नंतर कन्नड, पंजाबी, हिंदीत नव्यानं बनला. ‘धडक’ या हिंदी अवतारात सगळं होतं, फक्त जात तोंडी लावण्यापुरती उरली. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ त्याहून धीट आणि त्याहून हळुवार. वडिलांच्या सुतकात गावी आलेला आनंद आणि तिथला बाळ्या, या दोन पुरुषांमधलं प्रेम तो आवाज न चढवता सांगतो. २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक त्यानं मिळवलं.

घोडं अडतं ते मारामारीपाशी.

इंडोनेशियाचं उदाहरण पाहा. वेल्समधून आलेल्या गॅरेथ इव्हान्सला सिलाट या तिथल्या युद्धकलेवर माहितीपट करताना इको उवेस हा सिलाटपटू भेटला. त्याला घेऊन २०११ मध्ये ‘द रेड’ झाला. एक इमारत, अरुंद बोळ आणि लढणाऱ्यांची खरी शरीरं. सिलाट जगाला ठाऊक झालं. आपल्याकडे मर्दानी खेळ कोल्हापूरच्या तालमींत जिवंत आहे आणि दांडपट्टा २०२४ मध्ये राज्यशस्त्र ठरला. ‘फर्जंद’, ‘पावनखिंड’सारख्या ऐतिहासिक पटांत तलवारी भरपूर आहेत, पण वार पडायच्या आत कट येतो, नाहीतर चित्र संथ होतं. पाय कुठे पडले, तोल कुणाचा गेला, काही कळत नाही. मग आरोळ्या आणि ढोल उरतात. ‘मर्द को दर्द नहीं होता’नं २०१८ मध्ये टोरंटोत ‘मिडनाइट मॅडनेस’ विभागातलं प्रेक्षकांचं पारितोषिक पटकावलं ते नेमकं उलट करून. पण तो हिंदी; त्यात आजोबा झालेले महेश मांजरेकर, पण हाणामारीची रीत हाँगकाँगची.

खऱ्या पट्टेकऱ्याला बघितलं की हा तोटा डोळ्यांत भरतो. मुठीवरच्या खोबळ्यात हात अडकलेला असल्यानं नुसतं मनगट वळवून चालत नाही. पट्टा फिरतो तो खांद्यातून आणि त्याच्याबरोबर अख्खं अंग. जमिनीवर उताणं पडलेल्याच्या अंगावर लिंबू ठेवतात. पट्टेकरी गिरक्या घेत येतो, पातं सुंकन खाली येतं आणि लिंबाच्या दोन फोडी बाजूला पडतात. कुठेही कट नसतो.