फिरस्त्या गीतकाराचा घाट

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते महाराष्ट्रातील असंख्य वस्त्यांत तोंडपाठ आहेत. परंतु समीक्षेत त्यांचा विचार झालाच, तर तो बहुधा चळवळीच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून होतो. गीतांनी चळवळीस काय दिले, हे आवर्जून सांगितले जाते. गीत या नात्याने ती कशी घडली आहेत, हे फारसे विचारले जात नाही. याचा सारा दोष समीक्षकांच्या उदासीनतेवर टाकणे न्यायाचे होणार नाही. छापील पृष्ठावर ही गीते वाचू लागले, की सहृदय वाचकही थबकतो. एकच कल्पना पुन्हा पुन्हा येते, कडवी परस्परांपासून सुटी भासतात, विशेषणे ठरीव वाटतात. मग 'प्रचार' हा शब्द सोयीचा ठरतो. प्रस्तुत लेखात एवढेच दाखवावयाचे आहे, की या गीतांचे बरेचसे गुण व दोषही गावोगाव गात फिरण्याच्या जीवनक्रमातून आलेले आहेत, आणि तो ध्यानी घेतल्यावाचून त्यांचा निवाडा करता येत नाही.

नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे वामनदादांचे गाव. पोटासाठी ते मुंबईस आले, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती; ती त्यांनी चाळीत राहत असताना मिळविली. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. पुढे गीत रचावे आणि ते गात गावोगाव फिरावे, हाच त्यांचा आयुष्यक्रम झाला. 'वाटचाल' हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला तो १९७३ साली. म्हणजे सुमारे तीस वर्षे या कवीला श्रोते होते, वाचक जवळजवळ नव्हतेच. ज्याचा कान अक्षरांच्या आधी तयार झाला, त्याच्या रचनेत डोळ्याचे सुख शोधीत बसणे हे मुळातच विपरीत होय.

फिरस्त्या गायकाची सभा कशी असते, हे क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. जयंतीचा चौक, विहाराचे अंगण किंवा चाळीतील मोकळी जागा. साथीला एक पेटी, एक ढोलकी. श्रोते दिवसभराचे काम आटोपून आलेले. कोणी उशिरा येतो, कोणी लेकरू झोपले म्हणून मध्येच उठतो. गायक उद्या या गावी असणार नाही. त्याला जे सांगावयाचे आहे, ते आज रात्रीच श्रोत्याच्या ओठांवर बसले पाहिजे. अशा सभेत सबंध कवितेतून हळूहळू उलगडत जाणारी प्रतिमा निरुपयोगी ठरते; कारण तिचा आरंभ ज्याने ऐकला नाही, त्याच्यापुरती ती मेलेली असते. म्हणून येथे प्रत्येक कडवे स्वयंपूर्ण असते आणि प्रत्येक कडव्याअंती ध्रुवपद परत येऊन उशिरा आलेल्यालाही आत घेते. सभेचा रंग पाहून गायक एखादे कडवे गाळतो, एखादे दोनदा म्हणतो. वाचकाला जो विस्कळीतपणा वाटतो, ती गायकाला हवी असलेली मोकळीक असते. परिचित चालीचेही तसेच. चाल आधीच ठाऊक असेल, तर श्रोत्याचे सारे लक्ष नव्या शब्दांकडे लागते.

हा प्रकार मराठीपुरता मर्यादित नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमाचा वुडी गथ्री (१९१२–१९६७) हा गीतकार धुळीच्या वादळांनी देशोधडीस लागलेल्या शेतकऱ्यांबरोबर वणवण करीत गात राहिला. त्यानेही लोकगीतांच्या व भजनांच्या जुन्या चालींवर आपले शब्द बसविले. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचा संभव नाही. पण रस्ता सारखा असला, की घाटही सारखा होतो. एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. गथ्रीला १९३७ पासून नभोवाणी आणि १९४० पासून ध्वनिमुद्रिका लाभली. वामनदादांच्या गीताला आरंभीची अनेक वर्षे दुसऱ्याच्या कंठावाचून वाहन नव्हते.

मर्ढेकरांनी सौंदर्याच्या विचारात संवाद, विरोध व समतोल ही लयीची तत्त्वे सांगितली. ती कलाकृतीच्या अंतर्गत घटकांना लावण्याची आपल्याला सवय झाली आहे. फिरस्त्या गीतात मात्र यांपैकी एक घटक कृतीच्या बाहेर, सभेत बसलेला असतो. देशातील बड्या उद्योगपतींची नावे पुकारून संपत्तीतील आपला हिस्सा मागणारे वामनदादांचे प्रसिद्ध गीत पाहावे. त्यात त्या नावांचे यमक 'वाटा' या रोजच्या शब्दाशी जुळते. दुकानांच्या पाट्यांवरची नावे आणि उपाशी माणसाची मागणी यांतील विरोध यमकाच्या संवादातून प्रकट होतो. आणि समतोल साधतो तो ध्रुवपदातील प्रश्न साऱ्या सभेने एकमुखाने उचलल्यावर. कागदावर तो प्रश्न अनुत्तरित राहतो, सभेत त्याला साद मिळते. या अर्थाने छापील संहिता ही त्या गीताचा अर्धा भाग होय.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. सभेचा आधार हा सभेचा जाचही असतो. श्रोत्याला अर्थ आधीच मान्य असला, तर कवीला तो नव्याने शोधावा लागत नाही. जयंतीला गौरवगीत हवे असते, ते त्याच रात्री हवे असते. अशा वेळी ठरीव उपमा हात जोडून उभ्याच असतात. वामनदादांच्या विपुल रचनेत या जातीची गीते थोडी नाहीत. त्यांना केवळ कवीच्या कष्टमय जीवनाकडे पाहून सूट देणे, हा त्या कवीचाच अवमान आहे. ज्या गीतात सभा कवीला वाहून नेते आणि ज्यात कवी सभेला तिच्या मान्यतेपलीकडे नेतो, त्या दोहोंतील भेद सांगणे, हेच समीक्षकाचे काम.

शेवटच्या कडव्यातील 'वामन' ही नाममुद्रा या दृष्टीने फार बोलकी आहे. तिचे कूळ संतांच्या अभंगाशी जुळते, तसेच गझलेच्या अखेरच्या शेराशीही. पण संतांची नाममुद्रा देवापुढे नम्र झालेली असते. येथे ती आणखी एक काम करते. गीत कवीच्या पुढे निघून जाते, तो कधी न गेलेल्या गावी अनोळखी गायक ते आपले म्हणून गातो. त्या प्रवासात कर्त्याची खूण सांभाळण्याचा दुसरा उपाय फिरस्त्याजवळ नसतो. १९७७ च्या संग्रहाला 'हे गीत वामनाचे' असे नाव देण्यात हीच जाणीव दिसते. ते शेवटचे कडवे गाळले गेले, की गीत उरते आणि गीतकार नाहीसा होतो.

म्हणून या गीतांच्या संपादनात केवळ शुद्ध पाठ छापून भागणार नाही. गीत कोणत्या चालीवर, कोणत्या प्रसंगी, कोणत्या गावी म्हटले गेले. गाताना कोणते कडवे गळले, कोणते वाढले, हे पाठाशेजारी नोंदविले पाहिजे. ज्यांनी वामनदादांना समोर बसून ऐकले, त्यांची पिढी आता थकत चालली आहे. ग्रंथ पुढेही सापडतील. चाली मात्र ज्यांच्या कंठात आहेत, त्यांच्याबरोबरच जातील. मग आपल्या हाती गीताचा तो अर्धाच भाग उरेल, आणि त्यावरून पूर्ण गीताचे मोल ठरविण्याची चूक आपण निश्चिंतपणे करीत राहू.