तो कुठे उभा आहे?

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’बद्दल लिहिताना पहिलं वाक्य बहुतेक सगळ्यांचं एकच असतं : हा माणूस कधी बोलत नाही. ते खरंच आहे. पण त्या वाक्यापाशी थांबलं की चित्र बघायचं राहून जातं. मी ही चित्रं वर्षानुवर्षं पाहत आलो आहे आणि आता प्रत्येक चित्रापुढे मला आधी एकच प्रश्न पडतो, तो कुठे उभा आहे? कोपऱ्यात, दाराआड, मंत्र्याच्या पाठीमागे, रांगेच्या शेवटी? लक्ष्मण यांची सगळी करामत त्या जागेत आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘यू सेड इट’ हे सदर 1951 साली सुरू झालं आणि पन्नासहून अधिक वर्षं चाललं. जागा इवलीशी. त्या चौकटीत एक प्रसंग आणि खाली एक वाक्य. हे वाक्य चित्रकाराचं नसतं, चित्रातल्याच कुणाच्या तरी तोंडचं असतं. मुलांचं इंग्रजी सुधारावं म्हणून ज्या मराठी घरांत मराठी पेपरच्या जोडीने हा पेपर यायचा, तिथे कितीतरी जणांचा इंग्रजी वाचनाचा श्रीगणेशा या एका ओळीने झाला. ओळ अडखळत वाचायची, मग हे नक्की कोण म्हणतंय ते चित्रात शोधायचं.

हे शोधणं चित्रकाराने मुद्दाम आखून ठेवलेलं असतं. नजर आधी जाते ती उघड्या तोंडाकडे. बोलणारा बहुधा पुढारी असतो, नाहीतर अधिकारी. वाढलेलं पोट, हवेत उठलेला हात, टोपी, दोनतीन फटकाऱ्यांत उभा केलेला सदऱ्याचा घोळ. तिथून डोळे खालच्या ओळीवर उतरतात. ती वाचून पुन्हा वर आलं की या खेपेला नजर बोलणाऱ्यावर ठरत नाही, कडेला सरकते. तिथे तो असतो. टक्कल, कानांमागे ताठ उभे राहिलेले पांढऱ्या केसांचे झुबके, फुगीर नाकावर टेकलेला चष्मा, आखूड राठ मिशी आणि चष्म्याच्या वर चढलेल्या भुवया. ओळीचा अर्थ त्या भुवयांपाशी पुरा होतो. वाक्य पुढाऱ्याचं असतं, पण ते ऐकू येतं ते त्याच्या कानांनी.

त्याचा तो चौकड्याचा कोट नीट पाहावा. लक्ष्मण ब्रशने, काळ्या शाईत काम करत. रेषा जाड-बारीक होत पळते, सावलीच्या जागी शाई भरगच्च बसते. अशा काळ्या-पांढऱ्या झटापटीत एवढासा माणूस सहज हरवला असता. पण चौकड्यांमुळे त्याच्या अंगावर काळ्या-पांढऱ्याच्या अधलामधला एक राखाडी पोत तयार होतो. मंत्र्यांचे पांढरे कपडे आणि खुर्च्या-दारांच्या गडद सावल्या यांत तसा पोत सहसा दुसरीकडे कुठे नसतो, म्हणून चौकटीत तीस डोकी असली तरी तो पहिल्या झटक्यात सापडतो. हा कोट म्हणजे त्याची खूण तर आहेच, पण चित्राचा तोलही त्यावरच सांभाळलेला आहे. आणि खाली धोतर. कोट-धोतर हा वेश करून कचेरीत जाणारी एक अख्खी पिढी या शहरांनी पाहिली. पुढे तो वेश रस्त्यावरून नाहीसा झाला, चित्रातून हलला नाही.

सुरुवातीला तो एकटा नव्हता. बंगाली, तमिळ, पंजाबी, असे प्रांतोप्रांतीचे चेहरे काढून देश दाखवायचा लक्ष्मण यांचा प्रयत्न होता. रोजच्या रोज, तेही ठरलेल्या वेळेत चित्र द्यायचं तर एवढी गर्दी परवडेना. एकेक जण गळत गेला आणि शेवटी हा उरला, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. वर्तमानपत्राच्या घाईतून जन्मलेली ही व्यक्तिरेखा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ठरवून देशाचं प्रतीक काढायला कुणी बसलं असतं तर कदाचित एखादा रुबाबदार शेतकरी निघाला असता.

आता मागची बाजू. लक्ष्मण यांच्या चित्रातली सरकारी कचेरी मी कितीही वेळ बघू शकतो. फायलींचे ढीग नुसते उंच नसतात, कलंडलेले असतात, त्यांच्या नाड्या लोंबत असतात. भिंतीचा पोपडा निघालेला असतो. टेबलाच्या कडेला चहाचा कप असतो, आणि टेबलामागच्या माणसाचा टेकून बसण्याचा कोन असा की तो आज उठणार नाही हे लगेच कळावं. यातलं काहीही ओळीत सांगितलेलं नसतं. तुलनेसाठी व्यंगचित्रकार अबू अब्राहम पाहावेत. आणीबाणीच्या काळात, 1975 मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये आलेलं त्यांचं चित्र प्रसिद्ध आहे : राष्ट्रपती न्हाणीच्या टबात बसून वटहुकमांवर सह्या करत आहेत. अबूंची रेषा बारीक आणि काटकसरी, विचार सुईसारखा टोचून मोकळी होणारी. लक्ष्मण यांची रेषा तशी मोकळी होत नाही. ती खोली भरते, रस्ता खणते, पाणी तुंबवते. मला दोघेही आवडतात. पण रोजच्या जगण्याचा चिवट कंटाळा लक्ष्मण यांच्याच चित्रात सापडतो.

त्यांचं एक चित्र अनेकांच्या लक्षात असेल. चंद्रावर पाठवायला योग्य माणूस म्हणून ‘कॉमन मॅन’ला पुढे केलं आहे. कारण काय, तर अन्न, पाणी, हवा, निवारा यांतलं काही नसतानाही हा जगू शकतो! कल्पना इतकी जोरकस आहे की ती नुसती सांगितली तरी ऐकणारा हसतो. मला मात्र त्या चित्रात तो मध्यभागी आल्याचं अप्रूप वाटतं. एरवी कडेला असणाऱ्या माणसाकडे इथे सगळे बघत आहेत, आणि त्याची तऱ्हा तीच, भुवया वर, तोंड बंद. कौतुक झालं तरी त्याच्या वाट्याला काही येत नाही, हे त्या न बदललेल्या चेहऱ्यावरून समजतं.

घरातली चित्रं वेगळी. तिथे तो पेपर वाचत बसलेला असतो आणि बोलते त्याची बायको. अंगाने भरलेली, साडी नेसलेली, ठाम पावलांची. तिचा उल्लेख फारसा कुणी करत नाही आणि मला ते अन्यायाचं वाटतं. भाव वाढले, पाणी आलं नाही, रेशन मिळालं नाही, हे सगळं सडेतोड बोलून दाखवण्याचं काम लक्ष्मण यांनी तिच्याकडे दिलं आहे. काही चित्रांत तिच्या कजागपणावरच विनोद बेतलेला दिसतो. ती चित्रं मला कमी प्रतीची वाटतात. पण जिथे ती दिवसभराच्या व्यवहारातून आलेली एखादी साधी गोष्ट बोलते, तिथे मंत्रिमंडळाच्या बैठकीवरच्या चित्रापेक्षा ती खोल जाते. देशाचा कारभार त्या घरात स्वयंपाकघराच्या दारातून आत येतो.

आणखी एक जागा आहे, आणि तिच्यात मला लक्ष्मण यांचा प्रामाणिकपणा दिसतो. खेड्यातल्या दौऱ्यावरचं चित्र असलं की एका बाजूला झोपड्या, बरगड्या दिसणारी माणसं, उघडी पोरं. दुसऱ्या बाजूला मोटारीतून उतरलेला पुढारी. ‘कॉमन मॅन’ त्या झोपडीतल्या माणसांत नसतो. तो पाहुण्यांच्या घोळक्याच्या मागे असतो. म्हणजे हा देशातला सगळ्यांत गरीब माणूस नाही, हे चित्रकाराला पक्कं ठाऊक आहे. तो पगारदार, पेपर वाचणारा, रांगेत उभा राहणारा शहरी माणूस आहे, आणि त्याच्याहून वाईट जगणं तो बघतो आहे. त्याच्या गप्प राहण्याला इथे थोडी शरम चिकटते. ‘सामान्य माणूस’ या नावाखाली सगळ्यांना एकत्र कोंबण्याचा मोह या चित्रांनी टाळला आहे.

मोठ्या राजकीय व्यंगचित्रांतली अर्कचित्रं हा स्वतंत्र विषय आहे. इंदिराबाईंचं लांबत गेलेलं नाक, नरसिंह रावांचे पुढे आलेले ओठ, रथयात्रेनंतर अडवाणींच्या डोक्यावर चढलेला आणि मग कधी न उतरलेला पौराणिक मुकुट. त्या चित्रांची मौज घ्यायला तो काळ माहीत असावा लागतो. छोट्या चौकटीला ती अट नाही. कुठली योजना, कुठला मंत्री, ते विसरलं तरी खड्डा ओळखू येतो.

मैसूरहून आलेल्या लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता, आणि त्याच जे. जे.पासून चार पावलांवरच्या टाइम्सच्या इमारतीत त्यांचं आयुष्य गेलं. सकाळी पेपर वाचून काढायचे आणि कल्पना सुचेपर्यंत बसून राहायचं, असा त्यांचा क्रम होता. कावळ्यांवर त्यांचं लहानपणापासून प्रेम होतं. त्यांनी रंगवलेल्या कावळ्यांत भरलेल्या शाईचा तोच आत्मविश्वास आणि मान वाकडी करून बघणारी तीच सावध नजर दिसते. 2003 मध्ये पक्षाघाताने शरीराची डावी बाजू गेली, तरी उजवा हात शाबूत होता आणि चित्रं थांबली नाहीत. 26 जानेवारी 2015 रोजी पुण्यात ते गेले.

‘कॉमन मॅन’चे पुतळे झाले, एक पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात, एक वरळीच्या समुद्रकिनारी. पुतळे करणाऱ्यांचा आदर ठेवूनही मला ते पटलेले नाहीत. चौथऱ्यावर चढवलं की तो मध्यभागी येतो, आणि त्याच्या शेजारी हात उंचावून बोलणारं कुणीच उरत नाही. ज्याच्याकडे बघायचं तो बोलणाराच नसेल, तर त्या वर गेलेल्या भुवयांना काही कामच राहत नाही. त्याला भेटायचं असेल तर जुने संग्रह उघडावेत, आणि ओळ वाचून झाली की पान उलटण्याआधी चौकटीच्या कडा एकदा नीट बघून घ्याव्यात.