कल मोजला, विषय पाहिलाच नाही

आजचा विषय वाशी-नेरुळच्या घराघरांत सध्या चालू आहे. दहावी झाली, आता पुढे काय? आपण त्याकडे सल्ला म्हणून नको, टीका म्हणून बघू. म्हणजे हा निर्णय ज्या दोन आधारांवर घेतला जातो, ते आधार तपासू. एक आधार 'कल' हा शब्द. दुसरा, 'सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे राहतात' हे वाक्य.

आधी कल. आपल्या राज्य शिक्षण मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने २०१६ पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी घ्यायला सुरुवात केली. शेती, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे, ते सांगणारा अहवाल मिळायचा. या उपक्रमाची थट्टा पुष्कळ झाली, आम्हांला ती पटत नाही. शाखा फक्त टक्क्यांवरून ठरत नसते, हे सरकारी कागदावर तरी आलं. समुपदेशकाला पैसे देणं ज्यांना परवडत नाही, अशा जिल्हा परिषदेच्या हद्दीतल्या मुलालाही कुणीतरी 'तुला काय आवडतं' असं विचारलं. हे लहान काम नाही.

पण अडचण प्रश्नातच होती. आवड परिचयाशिवाय होते का हो? राज्य मंडळाच्या अकरावीत तर्कशास्त्र नावाचा विषय आहे. मानसशास्त्र आहे. 'चिटणिसाची कार्यपद्धती' आहे. दहावीच्या मुलाने यांतलं एकही पुस्तक उघडलेलं नसतं. मग त्याचा कल त्यांच्याकडे नाही असं म्हणण्याला अर्थ काय? ज्या पदार्थाची चव घेतली नाही, तो आवडत नाही असं आपण लहान मुलालासुद्धा म्हणू देत नाही. चाचणी मोजते ती आधी कानावर पडलेल्या नावांची ओढ. आणि नवी मुंबईत कानावर काय पडतं, ते क्लासच्या फलकांवर बघा.

आपल्या जुन्या वेदान्तग्रंथांत एक रीत आहे, अनुबंधचतुष्टय. ग्रंथ सुरू करण्याआधी चार गोष्टी सांगायच्या: अधिकारी कोण, विषय कोणता, प्रयोजन काय आणि यांचा एकमेकांशी संबंध काय. कलचाचणी फक्त अधिकाऱ्याकडे बघते. पालक फक्त प्रयोजनाकडे बघतात, म्हणजे पॅकेज. विषयाकडे कुणीच बघत नाही! खरं तर तेच सगळ्यांत सोपं. बालभारतीची अकरावीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. भौतिकशास्त्राचं एक प्रकरण, अर्थशास्त्राचं एक, पुस्तपालनाचं एक, असं सुट्टीतले पंधरा दिवस मुलाला वाचू द्या. कुठल्या पानावर तो अडतो यापेक्षा अडल्यावर काय करतो ते बघा. परत मागे जाऊन वाचतो, की फोन उचलतो? आमच्या मते कोणत्याही अहवालापेक्षा यातून जास्त कळेल.

आता दरवाजे. हे वाक्य खोटं नाही, म्हणूनच ते धोक्याचं. सायन्सचा विद्यार्थी बारावीनंतर कला किंवा वाणिज्यकडे जाऊ शकतो, उलटा रस्ता जवळजवळ बंद असतो. गणित सोडलं तर अभियांत्रिकी सुटतं, जीवशास्त्र सोडलं तर वैद्यकीय सुटतं. इथवर बरोबर. पण मग सगळ्यांनीच सायन्स घ्यावं का? दरवाजे मोजताना आपण दोन हिशेब विसरतो.

पहिला असा, की जे दरवाजे बंद आहेत असं आपण समजतो, त्यांतले कित्येक मुळात बंद नाहीतच. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची बारावी चालते. सी.ए. फाउंडेशनलाही वाणिज्यच हवं असं नाही. लोकसेवा आयोगाला पदवी लागते, ती कुठल्याही विषयातली असो. कला शाखा म्हणजे नापासांची खोली, ही समजूत गुणांच्या कट-ऑफने तयार केली, नोकरीच्या नियमांनी नव्हे.

दुसरा हिशेब दोन वर्षांचा. 'इंटिग्रेटेड' म्हणतात त्या व्यवस्थेत मुलाचं नाव कनिष्ठ महाविद्यालयात आणि मूल क्लासमध्ये. ही पळवाट इतकी रुळली की २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी लावण्याचा आदेश काढला. म्हणजे मूल वर्गात आहे का, हे पाहायला अंगठ्याचा ठसा! ज्याला भौतिकशास्त्रात गोडी आहे तो हेही सोसेल. ज्याने केवळ दरवाजा उघडा राहावा म्हणून हा विषय घेतला, तो दोन वर्षं उंबरठ्यावरच बसून असतो. सतराव्या वर्षी 'मला काहीच जमत नाही' हे मत पक्कं झालं, तर उघड्या दरवाज्यातून जाणार कोण?

एक बारीकसा मुद्दा इथल्या सीबीएसईच्या पालकांसाठी. दहावीला गणित 'बेसिक' की 'स्टँडर्ड' हा पर्याय २०२० च्या परीक्षेपासून आला. 'बेसिक' सोपं म्हणून घेतात आणि अकरावीच्या गणिताच्या वेळी अडचण येते. म्हणजे शाखेची निवड दहावीनंतर नाही, दहावीच्या परीक्षेसाठी नाव नोंदवतानाच अर्धी होऊन गेलेली असते, आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

शेवटी अर्जाबद्दल. केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात पसंतीक्रम भरायचा असतो, आणि पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं की तिथेच प्रवेश घ्यावा लागतो. बहुतेक घरांत हा क्रम नावाजलेल्या महाविद्यालयांचा लावतात, त्या महाविद्यालयात हवा तो विषय शिकवतात का हे न बघता. तर्कशास्त्र हवं असलेल्या मुलीला ते नसलेलं नामांकित महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर देऊन टाकायचं, आणि मग प्रवेश मिळाला म्हणून पेढे वाटायचे. यादी लागायच्या आधी माहितीपुस्तिकेतलं विषयांचं पान उघडायला दहा मिनिटं लागतात.

प्रश्न असतील तर घेऊ.