शब्दाची व्युत्पत्ती आणि स्थलनामाची उत्पत्ती : जॉइसच्या ग्रंथाची एका आयरिश पॅरिशच्या आधारे परीक्षा

आयर्लंडमधील स्थलनामांचा विचार पी. डब्ल्यू. जॉइस यांच्या ग्रंथावाचून आजही पुढे सरकत नाही. १८६९, १८७५ आणि १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तीन खंडांनी या विषयाला शास्त्राची बैठक दिली. असे असले तरी ग्रंथाच्या रचनेतच एक उणीव राहून गेली आहे. शब्दाची व्युत्पत्ती सांगितली म्हणजे स्थलनामाची उत्पत्ती सांगितली, असा समज ती रचना वाचकाच्या मनात नकळत निर्माण करते. डोनेगल परगण्यातील ग्लेनकोलमकिल या डोंगराळ, समुद्रकाठच्या पॅरिशमधील काही नावे घेऊन हे मत तपासून पाहू.

प्रथम जॉइसचे श्रेय मान्य केले पाहिजे. नकाशावरील इंग्रजी लेखनावरून अर्थ लावू नये, मूळ आयरिश रूप आधी निश्चित करावे, हा दंडक त्याने कटाक्षाने पाळला. त्यासाठी त्याला जॉन ओ'डोनोव्हन (१८०६–१८६१) यांच्या कार्याचा आधार मिळाला. १८२४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी भूमापनात साठ हजारांहून अधिक टाउनलँडांची, म्हणजे जमिनीच्या सर्वांत लहान पारंपरिक विभागांची, नावे ठरवायची होती. ओ'डोनोव्हन गावोगाव हिंडले, स्थानिक लोकांचे उच्चार त्यांनी ऐकले आणि जुन्या लेखांशी ते ताडून पाहिले. १८३५ मध्ये ते डोनेगलमध्ये होते. या दंडकाची आवश्यकता त्याच परगण्यातील दोन नावांवरून कळते. 'किलीबेग्ज' आणि 'किलीगॉर्डन' यांचा आरंभ नकाशावर सारखाच दिसतो; परंतु पहिल्यात 'किल' म्हणजे धर्मस्थान या शब्दाचे अनेकवचन आहे, तर दुसऱ्यात 'कूल' म्हणजे कोपरा हा शब्द आहे. रान या अर्थाचा 'क्विल' हा तिसरा शब्दही इंग्रजी लेखनात पुष्कळदा हेच रूप घेतो.

स्वतः ग्लेनकोलमकिल या नावातही 'किल' आहे. पण येथे तो जागेचा वाचक नसून संताच्या नावाचा अंश आहे. 'कोलम किले' म्हणजे 'धर्मस्थानाचे कबूतर'. ५९७ मध्ये निधन पावलेल्या या संताची ती दरी, एवढाच नावाचा अर्थ. त्या नावाला अर्थ देते ती दरीतील श्रद्धा : ९ जूनला संताच्या स्मरणार्थ कोरीव शिलांवरून होणारी परिक्रमा.

आता दरीतील 'कॅशेल' हे नाव घ्यावे. मूळ शब्द 'काशल' लॅटिन 'कास्तेल्लुम'पासून आला, हे कोशगत सत्य होय. परंतु रोमन सत्ता आयर्लंडवर कधीच नव्हती. आयरिश भाषेत या शब्दाचा अर्थ दगडी तटाने वेढलेले वर्तुळाकार ठाणे असा झाला, आणि स्थलनामात तोच अर्थ आहे. लॅटिनपर्यंत पोहोचलेली व्युत्पत्ती शब्दाचा प्रवास सांगते. गावाचा इतिहास सांगत नाही.

'मीनानेरी' या नावात हा भेद अधिक स्पष्ट होतो. 'मीन' हे विशेषण म्हणून मऊ, गुळगुळीत अशा अर्थाचे आहे. डोनेगलच्या डोंगरांत मात्र ते नाम बनून खडकाळ, झुडपाळ माळातील हिरव्या चराऊ तुकड्याला लावले जाते. जॉइसने हा प्रादेशिक अर्थ नोंदविला आहे. नावाचा उत्तरार्ध मेंढपाळाचा वाचक आहे. म्हणजे 'मेंढपाळाचे चराऊ रान'.

उणीव दिसते ती येथे. जॉइसची प्रकरणे घटकशब्दांनुसार आहेत : संत आणि धर्मस्थाने एकीकडे, तटबंदी दुसरीकडे, डोंगर, खडक आणि माळ आणखी तिसरीकडे. त्यामुळे एका पॅरिशची नावे ग्रंथभर विखुरतात. ती पुन्हा एकत्र मांडली की दरीत संताचे नाव आणि तटबंदी, खडकाला 'कॅरिक', डोंगरात मेंढपाळाचे 'मीन', अशी लोकजीवनाची एक सलग रचना दिसू लागते. 'मॅलिनमोर' आणि 'मॅलिनबेग', म्हणजे थोरली आणि धाकटी मॅलिन, ही नावेदेखील एकमेकींवाचून अपुरी आहेत. स्थलनामे परस्परसंबंधाने जगतात; वर्गीकरणात तो संबंध तुटतो.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. २००५ मध्ये अमलात आलेल्या आदेशाने आयरिशभाषक प्रदेशात आयरिश रूपांनाच अधिकृत मान्यता मिळाली, आणि ग्लेनकोलमकिल त्या प्रदेशात मोडते. रस्त्यावरील पाटीवर कोणते रूप लिहावे, हे आता संशोधकाच्या निर्णयावर अवलंबून असते. २००८ मध्ये खुल्या झालेल्या 'लॉगन्म' या संगणकीय संग्रहात जुनी लेखनरूपे साधनांसह मिळतात आणि पॅरिशवार शोधही घेता येतो. ओ'डोनोव्हन यांच्या पद्धतीचेच ते पुढचे पाऊल होय.

सारांश, स्थलनामाच्या अभ्यासकाने तीन प्रश्न वेगळे ठेवावेत : नावाचे मूळ रूप कोणते, त्या शब्दाचा अर्थ काय, आणि तो शब्द याच जागेला का लागला? पहिल्याचे उत्तर ओ'डोनोव्हन यांच्या टिपणवह्यांतून मिळते, दुसऱ्याचे जॉइसच्या ग्रंथात. तिसऱ्याचे उत्तर मात्र एकेका पॅरिशची भूमी, वस्ती आणि बोली यांच्या एकत्र अभ्यासातूनच मिळू शकेल.